कंटिन्युइटीचे फोटो आणि 'फ्रेश आई'

तिसरी घंटा (धागाकर्ती)

नाव सांगत नाही, समजून घ्या. मालिकांत काम करते, अधूनमधून नाटकात. एकवीस वर्षं झाली. तुम्ही मला पाहिलेलं असणार, पण नाव आठवणार नाही. 'ही कुठल्यातरी मालिकेत मावशी होती ना', एवढीच माझी ओळख. वय ४६. ऑडिशनच्या इंट्रोमध्ये ४१.

लिहायला बसले त्याचं कारण तसं क्षुल्लक आहे. मालिकेत सीन लागायच्या आधी असिस्टंट आपले फोटो काढून ठेवते. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक. याला कंटिन्युइटी म्हणतात. जिन्यावरचा सीन सोमवारी झाला आणि जिना उतरून हॉलमध्ये येते तो शुक्रवारी, तरी टिकली तिथेच हवी, गजरा त्याच खांद्यावर हवा. मागची मालिका बंद झाली तेव्हा त्या पोरीने प्रेमाने माझे सगळे फोटो पाठवून दिले. 'ताई, आठवण म्हणून.' पावणेतीन वर्षांचे.

रात्री दीडपर्यंत अंगठ्याने सरकवत बसले होते. साड्या त्याच सहा. टिकली तीच, मंगळसूत्र तेच, मागची पिस्ता रंगाची भिंतही तीच. त्यामुळे बदलणारी एकच गोष्ट उरली होती आणि ती माझ्याकडे बघत होती. डावीकडून जबड्याची रेघ कधी सुटली ते मला तारखेनिशी सापडलं. गणपतीचा ट्रॅक संपल्यावर, दिवाळीच्या आधी.

तेव्हापासून खोड लागलीय. लिफ्टचा आरसा, रिक्षावाल्याचा आरसा, बंद टीव्हीची काच, जिथे मिळेल तिथे हनुवटी वर करून डावी बाजू बघते. दिवसातून किती वेळा, मोजलं नाही, भीती वाटते. सेटवर मॉनिटरपाशी जाणं मात्र बंद केलंय.

त्यात काम नाही. पाच महिने. कोऑर्डिनेटरचा फोन आला, 'मॅडम, आईचं कॅरेक्टर आहे, पण चॅनलला फ्रेश आई हवीय.' घरीच भिंतीपुढे उभी राहून सेल्फ टेस्ट, म्हणजे ऑडिशनचा व्हिडिओ, पाठवला. उत्तर आलं, 'थोड्या मॅच्युअर वाटताय.' आठवड्याने त्याच माणसाने आजीसाठी विचारलं. तोच पिवळा कुर्ता घालून पुन्हा टेस्ट. उत्तर, 'आजीला थोड्या यंग वाटताय.' आई म्हणून शिळी, आजी म्हणून कोवळी.

आधीच सांगते, सिरम, फेस योगा, बदामाचं तेल सुचवू नका. मला एवढंच विचारायचंय की ज्यांचा चेहरा हेच दुकान आहे, किंवा ज्यांच्या घरात असं कोणी आहे, ते रोजचा दिवस कसा काढतात? मोठं डिप्रेशन वगैरे नाहीये मला. जेवते, झोपते (बरीचशी). पण सकाळी उठल्यावर पहिला हात जबड्याला जातो, हे काही बरं नाही.

---

कोपऱ्यातला प्रेक्षक

आयडी झकास आहे. शिळी-कोवळी वाचून हसू आलं आणि मग हसल्याचं वाईट वाटलं. वाचतोय.

---

शंकेखोर

स्पष्ट बोलतो, राग नको. वय सगळ्यांचं वाढतं. शिक्षकांचं, कंडक्टरचं, माझंही. तुम्ही लोकांनी दिसण्याचा धंदा निवडलात, पैसेही त्याचेच घेतलेत. उतार लागला की धागे.

---

निवृत्त कॅशिअर

@शंकेखोर, मी बँकेत ३४ वर्षं काउंटरवर होते. केस पिकायला लागले तसे खातेदार तरुण पोरांची रांग सोडून माझ्या रांगेत यायला लागले. 'मॅडम जुन्या आहेत' म्हणून. माझ्या पिकल्या केसांना बाजारात भाव होता, यांच्या केसांना नाही. फरक तो आहे.

---

तिसरी घंटा

कॅशिअरबाई, थँक्यू. शंकेखोर, राग नाही. फक्त पैशांचं सांगते. आम्हाला दिवसावर पैसे मिळतात. महिन्याला कधी अठरा दिवस लागतात, कधी सहा. ते पैसे साधारण तीन महिन्यांनी हातात येतात. मालिका बंद होणार हे कधी कधी आम्हाला मेकअप रूममधल्या कुजबुजीतून कळतं. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. म्हणजे 'तुम्ही आता तशा दिसत नाही' हे वाक्य आमच्याकडे थेट घरभाड्यापाशी येऊन थांबतं.

आणि हो, एकदा मीही उपाय केला होता. गेल्या वर्षी प्रॉडक्शनमधून कोणीतरी गोड बोलून सुचवलं, 'ताई, कपाळाचं काहीतरी करून घ्या ना, क्लोजअपला दिसतं.' गेले. डॉक्टरीणबाईंनी पांढऱ्या पेन्सिलीने माझ्या कपाळावर ठिपके काढले, रांगोळीचे काढतात तसे. मग हातात आरसा दिला. ते ठिपके ठिपके कपाळ अजून डोळ्यासमोर आहे. बोटॉक्स घेतलं. महिन्याभराने सीन लागला, धाकटा मुलगा घर सोडून जातो. ग्लिसरीन लागलं नाही, खरंच रडले. डिरेक्टर म्हणाला, 'छान ताई, फक्त थोडं वर येऊ दे.' वर म्हणजे कपाळावर. तिथे काही यायला तयारच नाही! डोळे धो धो वाहतायत आणि कपाळ इस्त्री केलेलं. शेवटी कॅमेरा पाठीमागून लावला.

उतरलं ते तीन-चार महिन्यांत. परत गेले नाही. तेवढे पैसेही नव्हते म्हणा.

---

जुनी तिकिटं

हे दुखणं आजचं नाही. मला पात्रांची आणि नटांची वयं शेजारी शेजारी मांडायचा छंद आहे, त्यातले दोन नमुने देतो.

१९५९ चा 'सुजाता'. त्यात सुलोचनादीदी आई. जन्म १९२८. त्यांची पोटची मुलगी झालेली शशिकला, आपली सोलापूरची, जन्म १९३२. मानलेली मुलगी नूतन, जन्म १९३६. म्हणजे एका मुलीहून आई चार वर्षांनी मोठी, दुसरीहून आठ! दीदी तेव्हा तिशीत होत्या, मराठीत नायिका म्हणून गाजलेल्या. पुढे सगळं आयुष्य हिंदीत 'माँ'.

दुसऱ्या रीमा लागू. जन्म जून १९५८. १९८९ मध्ये सलमानची आई झाल्या तेव्हा ३१ वर्षांच्या. तो त्यांच्याहून साडेसात वर्षांनी लहान. पण खरी कमाल १९९९ च्या 'वास्तव'ची. संजय दत्तचा जन्म जुलै १९५९. आई मुलापेक्षा तेरा महिन्यांनी मोठी. आणि काय आई उभी केलीय त्या बाईने!

आता पुरुषांकडे या. डॉ. श्रीराम लागू 'नटसम्राट'मध्ये पहिल्यांदा उभे राहिले डिसेंबर १९७० ला, वय ४३. म्हातारा रंगवला आणि ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भूमिका ठरली. चाळिशीतल्या पुरुषाने म्हातारा केला तर आव्हान, तिशीतल्या बाईने आई केली तर 'आता तिचं वय झालं'. मला या हिशोबाचा मनस्वी राग येतो.

ललिता पवारांचं तर वयही नव्हतं. १९४२ च्या सुमारास चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याचा पक्षाघात झाला, उपचारांत वर्षं गेली आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिका संपली. मग त्याच डोळ्याने त्यांनी पुढची कित्येक दशकं घराघरातल्या सुनांना घाबरवलं.

---

शंकेखोर

तेरा महिने?? हे माहीत नव्हतं.

---

पेटारा

आमच्याकडे सिंधुदुर्गात दशावतार. बायकांची कामं पुरुषच करतात हे ठाऊक असेलच. माझे मामा चाळीसेक वर्षं स्त्रीपार्ट करत होते. साठीला आले, दोन दात पडले, तरी राणीच. जत्रेत पालखी फिरून झाली की नाटक उभं राहायचं, पहाटेपर्यंत. लिहिलेली संहिता नाही, मेकअपमन नाही. प्रत्येकजण आपापल्या ट्रंकेवर बसून हातातल्या आरशात बघून आपलं आपण रंगवायचा. मी लहानपणी मामांना विचारलं होतं, 'मामा, तू म्हातारो दिसतस, लोक हसणत नाय?' ते म्हणाले, 'माका बघूक कोण येता रे? शब्द आयकूक येतत.'

तरी एक खरं सांगतो. दाढी करताना गाल लोंबायला लागले तसे ते पदर जरा पुढे ओढून घ्यायला लागले होते. कोणाला कळलं नाही, मला कळलं, कारण साडी नेसवायला मी असायचो. आमच्याकडेही आरसा हातभराच्याच अंतरावर असतो.

---

जुनी तिकिटं

वा. पदराचं वाचून बालगंधर्व आठवले. १९३५ मध्ये 'धर्मात्मा'त एकनाथ, म्हणजे पुरुषवेष. वय ४७. सिनेमात मन रमलं नाही, ते पुन्हा रंगभूमीवर आणि पुन्हा शालू-शेल्यात गेले, अगदी साठीपर्यंत. लोक सुटलेलं शरीर बघत होते आणि डोळे मिटून गाणंही ऐकत होते. त्यांना स्वतःला काय वाटत असेल, देव जाणे.

---

बे एरियातली काकू

अवांतर: आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात मी ५४ व्या वर्षी एफवायची विद्यार्थिनी झाले होते. माझा प्रियकर ६१. प्रेक्षकांना काहीही खटकलं नाही कारण तेही त्याच वयाचे होते. तालमीनंतर गुडघ्याला बर्फ मात्र सगळ्यांनी लावला.

---

अर्धवेळ नट

पुरुषांचं सगळं सोपं असतं असा सूर लागतोय म्हणून लिहितो. माझं ३४ व्या वर्षी टक्कल पडलं. पॅच लावतो. उन्हाळ्यात आऊटडोअरला त्याखाली घाम साचतो, टेप सुटतो, आणि प्रेमाच्या सीनमध्ये समोरची मुलगी केसांतून हात फिरवणार असं स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असतं. मी आदल्या रात्री झोपत नाही. दिग्दर्शकाला कसं सांगू, 'सर, खांद्यावर हात ठेवला तर?' लग्नाला तीन वर्षं झाली, बायको सोडून हे कोणाला माहीत नव्हतं. आता तुम्हाला माहीत झालं.

---

तिसरी घंटा

अरे बाबा. मला भेटला असतास तर मी तुझ्या खांद्यावरच हात ठेवला असता.

---

सावकाश

मी समुपदेशक आहे, मुंबईत. इथे निदान करणार नाही, ते करूही नये. पण धागाकर्तींच्या लिखाणातल्या एका जागी थांबले. एकीकडे मिळेल त्या काचेत डावी बाजू तपासायची आणि दुसरीकडे मॉनिटर टाळायचा. वरकरणी उलट्या गोष्टी, पण दोन्ही एकाच काळजीतून येतात. तपासलं की मिनिटभर बरं वाटतं, म्हणून पुन्हा तपासावंसं वाटतं. खाज आणि खाजवणं जसं. टाळलं की भीती मोडायची संधीच मिळत नाही.

'तपासू नको' असं मनाला बजावून काही होत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी नुसतं मोजायला सांगते. वहीत रेघ. तुम्ही मोजायला घाबरता म्हणालात, तर सुरुवात तिथूनच करा. मग एखादी जागा सोडायची, समजा लिफ्ट. बाकीच्या चालू द्या. आणि ते फोटो डिलीट करा असंही मी म्हणणार नाही. तुम्ही ते रात्री दीड वाजता एकटीने पाहिलेत. तुमच्या कामातल्या, विश्वासाच्या माणसाबरोबर दिवसाउजेडी एकदा बघा.

दुसरं, झोप 'बरीचशी' म्हणालात. ४६ वय आहे. पाळीची गडबड, रात्री घाम, उगाच चिडचिड असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. पाळी जायच्या आधीच्या काही वर्षांत मन खाली जाण्याची शक्यता वाढते. त्याला 'काम नाही म्हणून असेल' असं म्हणत लोक वर्षं काढतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटेनासा झाला किंवा नको ते विचार आले तर वाट बघू नका. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आपण कोण हे सांगायची गरज नसते.

---

तिसरी घंटा

रात्री घाम येतो. मी पंख्याला दोष देत होते.

मागच्या वर्षी लग्नाच्या सीनला, नऊवारी, शालू, त्यावर शेला, अंगावर दोन किलो खोटे दागिने, चारी बाजूंनी लाइट आणि मला एकदम आतून भट्टी पेटल्यासारखं झालं. मेकअप वितळला. हेअरदीदी टिश्यू टिपतेय आणि मी हसून म्हणतेय, 'एसी लावा रे कोणीतरी.' तिने हळूच विचारलं, 'ताई, पाळी?' पन्नास माणसांच्या युनिटमध्ये तिला एकटीला कळलं होतं. दाखवते डॉक्टरांना.

---

सफेदा

नमस्कार. मी मेकअपमन. आता घरीच असतो. आधी नाटकं, मग दूरदर्शन, मग मालिका. लिहायची सवय नाही, नातू टाइप करतोय.

ताई, नाटकात म्हातारपण द्यायचं तर आम्ही नटाला सांगायचो, कपाळाला आठ्या घाल, मोठ्याने हस. जिथे घडी पडेल तिथे ब्राऊन पेन्सिल. बाहेरून रेघा आणायच्या नाहीत, माणसाच्या स्वतःच्याच रेघा पुढे काढायच्या. शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसलं पाहिजे. मालिकेत उलटं झालं. कॅमेरे एवढे बारीक बघायला लागले की होत्या त्या रेघा लपवण्यात निम्मा वेळ जायला लागला. अर्धा तास जास्त लागला की बाई आपोआप गप्प व्हायची. मला कळायचं. मी मग उगाच भाजीचे भाव काढायचो.

नवी पोरं चेहऱ्याला वय घालतात आणि हात विसरतात. वर सत्तर वर्षं आणि हातात चहाचा कप धरला की कॉलेज. वय आधी मानेवर आणि हातावर बघायचं.

तुमचं ते गणपती ते दिवाळी मी दोनदा वाचून घेतलं. दोन महिन्यांत असा जबडा सुटत नाही. त्या वेळी दाढ काढली होती का? डावीकडची? मागची दाढ गेली की गाल बसतो. आम्ही नुसतं गालाकडे बघून ओळखायचो कोणाचे दात गेलेत ते.

---

तिसरी घंटा

मी जागीच बसले.

हो. सप्टेंबरमध्ये. रूट कॅनाल करायचं होतं, चार वेळा जावं लागेल म्हणाले, माझ्याकडे चार सुट्ट्या नव्हत्या. काढून टाकली. नंतर बसवू म्हटलं, राहिलंच.

दादा, तुम्ही फोटोसुद्धा बघितला नाहीत!

---

दाताखाली खडा

डेंटिस्ट आहे म्हणून बोलतो. एका दाढेने दोन महिन्यांत एवढा फरक पडेल असं मला वाटत नाही. पण दाढ काढल्यावर एकाच बाजूने चावत होता का? वजन उतरलं होतं का?

---

तिसरी घंटा

उजवीकडून, अजूनही. वजन चारेक किलो उतरलं होतं. आई फोनवर म्हणाली होती, 'टीव्हीत किती वाळलीस गं.' मी खूश झाले होते तेव्हा!

---

सफेदा

मग डॉक्टरसाहेबही बरोबर, मीही बरोबर.

---

शंकेखोर

हा धागा मी भांडायला उघडला होता. बायको बाजूला बसून वाचतेय आणि म्हणतेय दाताचं तुझंही राहिलंय.

---

तिसरी घंटा (अकरा दिवसांनी)

जिवंत आहे. अपडेट मागणाऱ्यांसाठी.

वहीत रेघा मारल्या. पहिल्या दिवशी ३७. काल १९. लिफ्टमध्ये आता दाराकडे तोंड करून उभी राहते, शेजाऱ्यांना वाटत असेल बाईला घाई आहे. फोटो आमच्या हेअरदीदीला घरी बोलावून दुपारी दाखवले. तिने जबड्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती सहापैकी चौथ्या साडीवर अडकली, 'ही तुम्हाला कोणी दिली ताई, अंगावर जातच नाही,' आणि दीड तास कॉश्च्यूमवाल्यांना शिव्या दिल्या. मला मजा आली. नंतर रात्री एकटीने परत उघडले, तेव्हा मजा नाही आली. तेही सांगते.

स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून झालं. रक्तात बी-१२ अगदी कमी निघालं. इंजेक्शनं चालू.

आणि काम आलं. नाटक आहे, मोठं नाही. साठ-पासष्टची आजी, बारीकच काम, पण दुसऱ्या अंकात तिचा एकटीचा एक लांब प्रवेश आहे. दिग्दर्शिका तिशीतली पोरगी. मी स्वतःच विचारलं, मी यंग नाही ना वाटत आजीला? ती म्हणाली, 'तुम्ही बसून उठता कशा ते मला आवडलं.' ही माझी कंबर. कधीपासून दुखतेय.

दादा, एक विचारायचंय. पहिला प्रयोग पंधरवड्याने, ठाण्यात गडकरीला. निर्माता विगचे पैसे द्यायला तयार नाही. केस पांढरे कसे करू?

---

सफेदा

पावडर मारू नका, हलल्यावर उडते, लाइटात दिसते. झिंक, म्हणजे मेकअपचा सफेदा, थोडं घ्या, पाण्यात कालवा, जुना टूथब्रश घेऊन कानाच्या वरून आणि कपाळाच्या कडेनेच ओढा. सगळं डोकं रंगवायचं नाही. माणूस सगळीकडून एकदम पिकत नाही. भुवयांची टोकं विसरू नका. प्रयोग झाला की आधी खोबरेल तेल चोळा, मग शाम्पू. हाताला ब्राऊन शेड, शिरांच्या मध्ये, शिरांवर नाही.

आणि ती दाढ बसवून घ्या. पण हे नाटक उतरल्यावर.